नक्कल, नाव आणि मोबदला

चोरट्या चित्रफितींना आळा घालण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती केली. तीन महिने ते तीन वर्षे तुरुंगवास आणि तीन लाख रुपयांपासून निर्मितिखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड, अशी ही तरतूद आहे. शिक्षा कडक झाली. प्रश्न सुटला असे मात्र म्हणता येत नाही. २०१६ मध्ये ‘सैराट’ला चित्रगृहांत गर्दी लोटत असतानाच त्याच्या चोरट्या प्रती मोबाईलवरून फिरत होत्या. तो चित्रपट तरला. लहान निर्मात्याला असा मार खाऊन पुन्हा उभे राहता येईलच, याची शाश्वती कोण देणार?

या रोगाचे मूळ यंत्रात शोधणे सोपे असते. ब्रॅम कोहेन या अमेरिकन तरुणाने २००१ मध्ये बिटटोरेंट पद्धती रचली. तीत चित्रफितीचे लहान तुकडे होतात आणि तुकडा घेणारा प्रत्येक जण तो इतरांना पुरवूही लागतो. मध्यवर्ती कोठार नसल्याने बंदी कोणावर घालावी, हा पेच पडतो. परंतु याच गुणामुळे वितरणाचा खर्चही शेकडो प्रेक्षकांत वाटला जातो. ज्या निर्मात्यापाशी भांडवल नाही, त्याला ही सोय मोलाचीच होय.

नक्कल ही मुळात पाप नव्हे, याची साक्ष वाशिम जिल्ह्याइतकी क्वचितच कोठे मिळेल. वाशिम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. तेथील राजा सर्वसेन याने ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य रचले. आज ते केवळ इतरांनी दिलेल्या अवतरणांतून उरले आहे. उलट याच जिल्ह्यातील कारंज्याच्या जैन भांडारांत हस्तलिखिते जपली गेली, म्हणून विसाव्या शतकात डॉ. हीरालाल जैन प्रभृतींना अपभ्रंश ग्रंथ उजेडात आणता आले. प्रती झाल्या आणि जपल्या गेल्या तेच टिकले. मात्र जुन्या पोथ्यांच्या अखेरीस कर्त्याचे, पुष्कळदा लेखनिकाचेही, नाव नोंदविलेले असे. आजची चोरटी प्रत प्रथम नावच पुसते आणि मग मोबदला बुडविते.

२०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ६५ अ व ६५ ब ही कलमे आली. पहिले संरक्षक कुलूप फोडणाऱ्यास, तर दुसरे कृतीवरील हक्कविषयक माहिती पुसणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद सांगते. तात्पर्य, प्रत आणि मालकी यांचा मेळ घालण्यास कायद्याची वाट मोकळी आहे. कुलूपबंद तुकडे प्रेक्षकांनी खुशाल एकमेकांना द्यावेत; किल्ली मात्र मूल्य देणाऱ्यालाच मिळावी, असे तंत्र साध्य आहे. पडद्यावरचे दृश्य पुन्हा टिपले जाईल हे खरे. तेथे चित्रातच गुंफलेली अदृश्य खूण उगम दाखवू शकते.

परंतु कुलपाची मालकी मोठ्या कंपन्यांच्याच हाती राहिली, तर निर्माता एका चोरातून सुटून दुसऱ्या धन्याच्या ताब्यात जाईल. शिवाय अध्यापनासाठी व खाजगी अभ्यासासाठी कायद्याने दिलेली मुभाही कुलपामागे अडकू नये. मानोऱ्याच्या तांड्यावर बंजारा गीत चित्रित करणाऱ्या तरुणाला कृती निर्माण होताच हक्क मिळतो, नोंदणीची अट नाही. पण हे त्याला सांगणार कोण? तक्रार कोठे करावी हे तालुक्याच्या ठिकाणी कळत नसेल, तर दिल्लीतील कडक शिक्षा त्याच्या काय कामाची? शाळा-महाविद्यालयांनी हे ज्ञान द्यावे, शासनाने जिल्हा पातळीवर साहाय्य उभे करावे आणि आपण प्रेक्षकांनी रास्त मूल्य देण्याची सवय लावून घ्यावी. कर्त्याचे नाव राखण्याचा धर्म पोथ्या लिहिणाऱ्यांनी दंडाच्या भयाविना पाळला. तो आपल्याला जड का जावा?