कितीपैकी?

परीक्षेत मुलाला बारा गुण मिळाले, एवढेच कानी आले तर कोणती आई आनंद मानील आणि कोणती दुःख करील? ती आधी विचारील, "कितीपैकी?" वीसपैकी बारा ही एक गोष्ट, शंभरापैकी बारा ही दुसरी. जो प्रश्न आपल्या निरक्षर आजीलाही सुचत असे, तो आजाराच्या आणि मृत्यूच्या आकड्यांपुढे आपण शिकलीसवरलेली माणसे विचारीत नाही, ह्याचे आम्हांस नवल वाटते.

कोविडची आणीबाणी संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये जाहीर केले. परंतु आपल्या घरांतला वाद संपलेला नाही. गणपतीची आरती झाल्यावर, लग्नघरी, सुतकाच्या घरीसुद्धा तो निघतो. एक म्हणतो, मेलेले लपविले. दुसरा म्हणतो, साथ वगैरे काही नव्हतेच. तिसरा म्हणतो, माणसे लशीने गेली. प्रत्येकाच्या हातात एकेक आकडा असतो, आणि आकडा हाती असला की माणसाचा आवाज चढतो. ह्या वादात न्यायनिवाडा करण्याचा अधिकार आम्ही सांगत नाही. आम्ही शिक्षक आहोत. आकडा कसा वाचावा, एवढेच सांगू शकतो.

प्रथम रुग्णांची संख्या पाहू. आपल्या बेटावर पहिले तीन रुग्ण १८ मार्च २०२० रोजी जाहीर झाले आणि लगेच टाळेबंदी आली. तेव्हा एकेका रुग्णाचा माग काढून त्याच्या सहवासातील माणसांची तपासणी होत असे. पुढे रोग गावोगाव पसरला, लोक घरच्या घरी तपासणी करू लागले, आणि कित्येकांनी तीही केली नाही. म्हणजे मोजण्याचे मापच बदलले. एका वर्षी शेराने मोजलेले तांदूळ आणि दुसऱ्या वर्षी मुठीने मोजलेले तांदूळ शेजारी ठेवून पीक वाढले की घटले, हे कसे ठरवावे?

मृत्यूची गोष्ट अधिक नाजूक आहे. मृत्यू तर लपत नाही. सिव्हिल स्टेटसच्या कचेरीत त्याची नोंद होतेच. पण कारण कोणते लिहावे? ज्याला वीस वर्षे मधुमेह होता, मूत्रपिंडे निकामी झाली होती, आणि शेवटी कोविडही झाला, तो कशाने गेला? २०२१ मध्ये डायलिसिसवर असलेल्या रुग्णांच्या मृत्यूंवरून आपल्या देशात मोठी खळबळ उडाली, तेव्हा हाच प्रश्न सर्वांपुढे उभा राहिला. रोगाने मेला की रोगासह मेला, ह्याचे उत्तर दोन प्रामाणिक डॉक्टरही वेगवेगळे देऊ शकतात. म्हणून आकड्यात फरक दिसला की लगेच कोणी खोटे बोलले, असे समजू नये. आणि फरक नाही म्हणून सगळे खरेच सांगितले गेले, असेही समजू नये.

ह्यावर एक साधा उपाय आहे. कारण बाजूला ठेवावे आणि एकूण मृत्यू मोजावेत. साथ नसती तर त्या महिन्यांत साधारण किती माणसे गेली असती, ते मागील वर्षांवरून काढावे. त्याहून जास्त जे गेले, ते साथीच्या खात्यावर. ह्याला अधिकचे मृत्यू म्हणतात. आपल्याला हा हिशेब नवा नाही. २००६ मध्ये चिकुनगुनियाने आपण सारे वाकलो होतो. सांधे धरतात, माणूस मरत नाही, असे तेव्हा सर्वांच्या तोंडी होते. पुढे अभ्यासकांनी हिशेब केला, तेव्हा साथीच्या महिन्यांत अपेक्षेपेक्षा सातशेहून अधिक मृत्यू झाल्याचे दिसले. शेजारच्या रेयुनियॉंत लोकसंख्येच्या सुमारे एक तृतीयांश लोकांना तो रोग झाला आणि सुमारे अडीचशे मृत्यूच्या दाखल्यांवर त्याचे नाव आले.

कोविडचेही तसेच. २०२० आणि २०२१ ह्या दोन वर्षांत जगात सुमारे ५४ लाख मृत्यू कोविडचे म्हणून नोंदले गेले. जागतिक आरोग्य संघटनेचा अधिकच्या मृत्यूंचा अंदाज मात्र सुमारे १ कोटी ४९ लाख निघाला. भारतासाठी तिने सुमारे ४७ लाखांचा अंदाज दिला, तो भारत सरकारने मान्य केला नाही. अंदाज हा अंदाजच असतो, हे खरे. पण वही कोरी राहिली म्हणून माणूस जिवंत राहत नाही, हेही खरे.

आपल्या बेटाकडे पाहताना आणखी एक सावधगिरी हवी. २०२० मध्ये येथे एकूण मृत्यू वाढले नाहीत. त्या वर्षी कोविडने फक्त दहा माणसे गेल्याची नोंद आहे. खरी लाट आली ती १ ऑक्टोबर २०२१ रोजी सीमा पूर्णपणे उघडल्यानंतरच्या आठवड्यांत, आणि त्या वर्षीचे एकूण मृत्यू ठळकपणे वाढले. ज्याला बढाई मारायची, तो पहिले वर्ष दाखवितो. ज्याला दोष द्यायचा, तो दुसरे. प्रामाणिक माणसाने दोन्ही वर्षे एकत्र ठेवावीत, आणि आपली वस्ती दरवर्षी म्हातारी होत चालली आहे, हेही ध्यानात घ्यावे. तरुण परदेशी जातात, मुले कमी जन्मतात. अशा देशात कोणतीही साथ नसली तरी मृत्यूचा दर हळूहळू चढतोच.

आता लशीविषयी. "मेलेल्यांत लस घेतलेलेच जास्त होते," असे आम्ही अनेकदा ऐकतो. फळ्यावर एक गणित मांडू. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. एका गावात एक हजार वृद्ध आहेत. नऊशेंनी लस घेतली, शंभरांनी घेतली नाही. साथ आली. लस घेतलेल्यांतले नऊ गेले, न घेतलेल्यांतले पाच. मेलेल्यांत लस घेतलेले जास्त, हे खरे. पण नऊशेंपैकी नऊ म्हणजे शेकडा एक. शंभरांपैकी पाच म्हणजे शेकडा पाच. सहावीचे मूल सोडवील असे हे गणित न सोडविल्यामुळे किती घरांत म्हाताऱ्या माणसांना सुईपासून दूर ठेवले गेले!

आम्ही हे केवळ हिशेबाच्या हौसेने लिहीत नाही. १८६६-६८ च्या मलेरियाच्या साथीत ह्या बेटावर हजारो माणसे गेली. त्यांत ऊसकोठ्यांवरचे आपले पूर्वजही होते. किती जणांची नावे आज आपल्याला ठाऊक आहेत? साथ सरली, पण मलेरिया राहिला. १९०७-०८ मध्ये रोनाल्ड रॉस येथे आले, तेव्हा त्यांनी केवळ मृत्यूच्या वह्यांवर विसंबून न राहता हजारो मुलांची पानथरी तपासून रोग कोठे किती आहे, हे काढले. मोजल्यावाचून उपाय सापडत नाही. १९७३ मध्ये देश मलेरियामुक्त ठरला आणि १९७५ च्या वादळानंतर रोग पुन्हा परतला. मोजणी चालू होती म्हणूनच तो ओळखला गेला.

सरकारकडे आमचे मागणे आहे की, मृत्यूचे आकडे वयागणिक, महिन्यागणिक आणि विभागागणिक, सामान्य माणसाला समजतील अशा भाषेत द्यावेत. लपविले तरच अफवा पिकते.

पण मागणे आपल्या स्वतःकडेही आहे. कोविडने गेलेल्या आपल्या माणसाचे नीट अंत्यदर्शनही झाले नाही, चार खांदे मिळाले नाहीत, हे दुःख आम्ही जाणतो. त्या दुःखात आणि लोकलाजेत कित्येक घरांनी शेजाऱ्यांना दुसरेच कारण सांगितले. त्यांना आम्ही दोष देत नाही. मात्र रोग हा कलंक नव्हे. आपल्या देशात पाच प्रौढांतील जवळजवळ एकाला मधुमेह आहे. पुढली साथ आली तर ती आधी त्याच दारी येईल. म्हणून साखर तपासून घ्या, डॉक्टरांना खरा आजार सांगा, आणि मुलांना गेलेल्या आजोबांचे नाव सांगताना ते कशाने गेले, हेही सांगा.

आणि पुढच्या वेळी कोणी आवाज चढवून एखादा आकडा फेकला, तर चिडू नका. शांतपणे विचारा, "कितीपैकी?"