उमेदवार, कॅमेरा आणि विकतचा वेळ

निवडणूक-प्रचार आणि चित्रपटकला हे दोन्ही व्यवसाय एकाच माणसाने निष्ठेने चालविले तर काय घडते, हे अमेरिकन माहितीपटकार चार्ल्स गुगेनहाइम (१९२४-२००२) यांच्या कारकिर्दीत पाहावयास मिळते. चार ऑस्कर पारितोषिके मिळविणारा हा कलावंत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अनेक उमेदवारांचा प्रचारसल्लागार होता. प्रचारपटांच्या मोहात पडणाऱ्या कार्यकर्त्यांनी ही कारकीर्द अवश्य तपासावी.

१९५२ साली आयझेनहॉवर यांच्या जाहिरातींत उमेदवाराची उत्तरे आधी चित्रित झाली आणि ती विचारणारे नागरिक मागाहून शोधण्यात आले! गुगेनहाइम १९५६ मध्ये स्टीव्हन्सन यांच्या प्रचारात आले, ते या बनावाच्या विरुद्ध टोकाची पद्धत घेऊन. उमेदवाराला लोकांत सोडावे, बोलू द्यावे, कॅमेऱ्याने केवळ पाहावे. १९७२ साली मॅकगव्हर्न यांना त्यांनी असेच टिपले. मॅकगव्हर्न ४९ राज्यांत पराभूत झाले. सच्चे चित्रण म्हणजे मते नव्हेत, हे इतक्या निर्दयपणे क्वचितच सिद्ध झाले असेल.

परंतु सच्चेपणालाही मालक असतो. १९५७ साली लिटल रॉकच्या शाळेत लष्कराच्या संरक्षणात शिरलेल्या नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांवर गुगेनहाइम यांनी १९६४ मध्ये माहितीपट केला. त्याला ऑस्कर मिळाले. तो अमेरिकन सरकारच्या माहिती-संस्थेने परदेशी प्रेक्षकांसाठी काढला होता. त्या संस्थेचे चित्रपट खुद्द अमेरिकेत दाखविण्यास कायद्याची आडकाठी होती. धैर्य त्या मुलांचे, आणि त्याचे श्रेय आशिया-आफ्रिकेच्या बाजारात मिळवावयाचे वॉशिंग्टनने! चित्रपटात खोटे काही नव्हते, म्हणूनच तो शासनाच्या उपयोगी पडला.

१९६८ चा प्रसंग याहून बोलका आहे. जूनमध्ये रॉबर्ट केनेडींची हत्या झाली. ऑगस्टमध्ये शिकागोच्या पक्ष-अधिवेशनात गुगेनहाइम यांचा स्मृतिपट दाखविला गेला. प्रतिनिधी हेलावले, उभे राहून गाऊ लागले. आदल्याच रात्री रस्त्यावर व्हिएतनाम-युद्धविरोधी निदर्शकांवर पोलिसांच्या लाठ्या पडल्या होत्या, आणि सभागृहात एकही प्राथमिक निवडणूक न लढविलेल्या हंफ्रींना उमेदवारी देण्यात आली होती. निर्णय झाल्यावर अश्रूंना मुभा मिळाली. यात चित्रपटकाराचा दोष नाही; पण पक्षयंत्रणेला असा चित्रपट सोयीचा का वाटतो, हे यावरून समजते.

पुढे अर्ध्या तासाचे प्रचारपट मागे पडून तीस सेकंदांच्या चिखलफेकीचे राज्य आले. उबगून गुगेनहाइम यांनी १९८० च्या दशकात प्रचाराचे काम सोडले. उमेदवाराने स्वतः कॅमेऱ्यासमोर बोलावे, हा त्यांनी सुचविलेला उपाय. उपाय सद्‌हेतूचा, पण वरवरचा होता. जेथे प्रसारणाचा वेळ सेकंदाच्या दराने विकला जातो, तेथे कमी वेळात जास्त इजा करणारा मालच किफायतशीर ठरतो. त्यात १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने उमेदवाराचा खर्च हे अभिव्यक्तीचेच रूप मानून त्यावरील सक्तीची मर्यादा रद्द केली. स्वेच्छेने सरकारी अनुदान घेणाऱ्यावर तेवढे बंधन उरले.

गुगेनहाइम यांचे पुत्र डेव्हिस हेही माहितीपटकार. २००८ मध्ये ओबामांचा चरित्रपट त्यांनी केला. त्याच निवडणुकीत ओबामांनी अनुदान आणि त्यासोबतची खर्चमर्यादा दोन्ही नाकारली, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस अनेक राष्ट्रीय वाहिन्यांवर एकाच वेळी अर्धा तास विकत घेतला.