अडायलंय कुठं?

आधी एक कबुली. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, मराठीचा तास म्हणजे तेव्हा छातीत धडधड! त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी पोटात घालाव्यात. दुसरी कबुली जास्त अवघड आहे. मी घरी खोटं बोलले होते.

झालं असं, की माझ्या होस्टेलच्या खोलीत एक डेस्कटॉप आहे. दादाचा, 2017 मध्ये घेतलेला. त्याला कंपनीने लॅपटॉप दिला आणि हे धूड माझ्याकडे आलं. आत इंटेलचा आय-फाइव्ह 7400, आठ जीबी रॅम, एक टीबीची हार्ड डिस्क आणि एनव्हिडियाचं जीटीएक्स 1050 टीआय कार्ड. त्या काळी दादा हे मशीन मित्रांत मिरवायचा. आता मात्र कॅडची असेंब्ली उघडायला लावून मी मेसमधून चहा पिऊन येते, तरी ते गोल चक्र फिरतच असतं. आणि रात्री गेम लावला की ऐन गोळीबारात चित्र गोठतं. ते हलेपर्यंत मी मेलेली!

शहरातल्या एका दुकानात विचारलं. दुकानदाराने कॅबिनेट न उघडताच निकाल दिला, "मॅडम, हे आता भंगार. नवीनच घ्या, साठ हजारांत बसवून देतो." मी लगेच जालन्याला घरी फोन लावला. "पप्पा, प्रोजेक्टसाठी नवीन कॉम्प्युटर लागणार आहे. साठ हजार." गेमचं नावसुद्धा काढलं नाही.

माझे पप्पा जालन्याच्या एका रोलिंग मिलमध्ये मेंटेनन्सला आहेत. साठ हजार म्हणजे त्यांचे किती पगार, ते इथे लिहीत नाही. पण ते रागावले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. एवढंच विचारलं, "अडायलंय कुठं, ते आधी सांग."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिसऱ्या वर्षाला आहे म्हणे मी! मग त्यांनीच मिलचं उदाहरण दिलं. भट्टीतून तापलेलं बिलेट वेळेवर येत नसेल, तर पुढच्या रोलला कितीही मोठी मोटर लावा, ती रिकामीच फिरणार. आपण हेच 'बॉटलनेक' म्हणून परीक्षेत आकृतीसह लिहितो, मार्क घेतो आणि विसरून जातो. आणि स्वतःच्या कॉम्प्युटरची वेळ आली की जखम मांडीला अन् मलम शेंडीला!

त्या रात्री मी पहिल्यांदा टास्क मॅनेजर नीट वाचला. गेम चालू असताना रॅम जवळजवळ पूर्ण भरलेली आणि हार्ड डिस्क सारखी शंभर टक्क्यांवर. याचा अर्थ सोपा आहे. रॅम भरली की विंडोज उरलेलं सामान हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतं, आणि फिरत्या तबकडीची डिस्क रॅमच्या मानाने गोगलगाय. ते सामान परत येईपर्यंत चित्र गोठणारच.

मग दुसरी परीक्षा. गेमचं रिझोल्यूशन 1080 वरून 720 वर आणलं. असं केल्यावर फ्रेम्स वाढल्या तर कार्ड कमी पडतंय, आणि वाढल्याच नाहीत तर प्रोसेसर. माझ्या फ्रेम्स वाढल्या, पण गोठणं तसंच राहिलं. म्हणजे नवीन कार्ड घेऊन चित्र देखणं झालं असतं, पण ज्यासाठी मी रडत होते तो आजार बराच झाला नसता. तिसरी गोष्ट तापमान. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, आणि माझ्या पंख्यावर इतक्या वर्षांच्या धुळीची गोधडी! हा प्रोसेसर 100 अंशांजवळ गेला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. माझा 97 वर होता.

शेवटी खर्च असा झाला. एसएसडी 3,600 रुपये, जुनी आठ जीबी रॅम 2,400, थर्मल पेस्ट 250, ब्रश 60 आणि बोर्डावरचा गोल सेल 40 (घड्याळ रोज मागे का जातं, ते तेव्हा कळलं). एकूण 6,350. साठ हजार कुठे आणि हे कुठे! गेम आता गोठत नाही. असेंब्ली चहाच्या आधी उघडते.

रॅम जुनी का घेतली, तर 2025 च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटर्सना मेमरी हवी, म्हणून कंपन्यांनी माल तिकडे वळवला. मायक्रॉनने तर डिसेंबर 2025 मध्ये 'क्रुशियल' हा आपल्यासारख्या ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. शिवाय माझी डीडीआर-4 रॅम उद्याच्या डीडीआर-5 बोर्डावर बसणार नाही. एसएसडी मात्र पुढच्या मशीनमध्येही चालेल, म्हणून ती नवी घेतली. जे पुढे नेता येतं ते नवं, जे इथेच राहणार ते जुनं, असा माझा साधा हिशोब.

काय घेतलं नाही, तेही सांगते. आठव्या पिढीचा प्रोसेसर त्याच एलजीए-1151 सॉकेटचा, वापरलेला मिळतो, पण माझ्या एच-110 बोर्डावर तो चालत नाही, त्याला 300 मालिकेचा चिपसेट लागतो. मोठं कार्डही नाही. 1050 टीआय 75 वॉटमध्ये भागवतं, मोठ्या कार्डाला चांगला पॉवर सप्लाय हवा, म्हणजे पुन्हा खर्च. ज्यांच्याकडे एएमडीचे एएम-4 बोर्ड आहेत ते नशीबवान. 2017 च्या कित्येक बोर्डांवर बायोस अपडेट करून 2022 चा रायझन 5600 बसतो. तेव्हा आधी बोर्डाचं नाव वाचा, मग दुकानाची पायरी चढा.

आता कुणी म्हणेल, जुन्यात पैसे ओतणं हा वेडेपणा. त्यात तथ्य आहेच. विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि माझा प्रोसेसर विंडोज 11 च्या अधिकृत यादीत नाही. एनव्हिडियाने ऑक्टोबर 2025 नंतर माझ्या कार्डाच्या पिढीसाठी नव्या गेम्सचे ड्रायव्हर थांबवले, फक्त सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर 2028 पर्यंत मिळतील. लिनक्स टाकता येतं, पण व्हॅलोरंटसारखे गेम तिथे चालत नाहीत. म्हणजे हे मशीन अमर नाही. पण माझी डिग्री होईपर्यंत ते चालावं एवढंच मला हवंय, आणि त्यासाठी यापुढे त्यात एक रुपयाही घालणार नाही, हेही ठरवलंय. मशीन म्हातारं झालंय म्हणून नव्हे, तर ते कुठे अडतंय हे मोजून झाल्यावरच बदलावं, असं माझं स्पष्ट मत आहे. आदरणीय स्टाफलाही एक विनंती. लॅबमधले जुने कॉम्प्युटर ई-वेस्टमध्ये देण्याआधी एका रविवारी आम्हा मुलामुलींच्या ताब्यात द्या. त्यातले काही तरी नक्की उठून बसतील. जे उठणार नाहीत ते अधिकृत रिसायकलरकडे जाऊ द्या.

असो. राहिली ती दुसरी कबुली. काम झाल्यावर मी पप्पांना फोन करून खरं काय ते सांगितलं, की अर्धं प्रोजेक्टसाठी होतं आणि अर्धं गेमसाठी. क्षणभर पलीकडून आवाजच नाही. मग म्हणाले, "खेळायलीस तर खेळ की. पण सांगत जा." साठ हजारांची व्यवस्था करायला त्यांनी सोसायटीत कर्जाचा अर्ज आणून ठेवला होता, हे मला नंतर आईकडून कळलं.

म्हणून सांगते, घरी फोन लावण्याआधी कॅबिनेट उघडा. स्क्रू ड्रायव्हर आणि ब्रश माझ्या खोलीत आहेत. ज्यांना हवेत त्यांनी खुशाल न्या, फक्त आठवणीने परत आणून द्या!

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल