बुद्धी भारताची, नोंदणी परक्यांची!

स्वदेशी म्हणजे खादी आणि साबण, एवढाच अर्थ घेणाऱ्यांनी तंत्रज्ञान कंपन्यांची नोंदणीपत्रे पाहावीत. फ्लिपकार्ट २००७ मध्ये बंगळुरूत उभी राहिली. अभियंते भारतीय, ग्राहक भारतीय. परंतु २०११ मध्ये तिची मूळ कंपनी सिंगापुरात नोंदली गेली. २०१८ मध्ये वॉलमार्टने १,६०० कोटी डॉलर मोजून ७७ टक्के हिस्सा घेतला, तो याच सिंगापुरी कंपनीचा!

सारा दोष उद्योजकांच्या माथी मारता येणार नाही. समभागाच्या रास्त मूल्याहून अधिक मिळालेल्या रकमेवर तत्कालीन संपुआ सरकारने २०१२ मध्ये ‘एंजल टॅक्स’ बसवला. तोही केवळ देशी गुंतवणूकदारांच्या पैशावर. घरच्याला दंड आणि परक्याला पायघड्या! २०२३ मध्ये परदेशी पैसाही त्या कक्षेत आला आणि २०२४ च्या अर्थसंकल्पाने हा करच रद्द केला.

आता ती सबब उरलेली नाही. बाहेर जाणे सोपे, परतणे महाग. फोनपे २०२२ मध्ये भारतात परतली, तेव्हा तिच्या गुंतवणूकदारांना सुमारे ८,००० कोटी रुपये कर भरावा लागला. म्हणून पहिला कागदच नीट हवा. कंपनीस्थापनेपूर्वी संस्थापकाने स्वतंत्रपणे लिहिलेल्या संगणक प्रणालीचा हक्क १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार त्याचाच असतो. लेखी कराराने तो कंपनीकडे जातो. ती कंपनी परदेशी असेल, तर भारतीय बुद्धीची मालकीही त्याच सहीनिशी देशाबाहेर जाते.

मुलाने कंपनी काढली म्हणून पेढे वाटणाऱ्या आई-वडिलांनी त्याला एवढे अवश्य विचारावे: नोंदणी कोणत्या देशात केलीस?