दोन राउटर, एक घर

वरच्या मजल्यावर नेट पोचत नाही, ही तक्रार आता घरोघरची झाली आहे. मग दुसरा राउटर आणला जातो, खालच्या राउटरची केबल जिन्यातून वर ओढली जाते आणि हिरवे दिवे लागले की काम झाले, असे सगळे समजतात. खरी गंमत त्यानंतर सुरू होते.

आमच्या ओळखीच्या एका घरी यावरून दोन भावांत अबोला धरायची वेळ आली. खाली थोरल्यांचे झेरॉक्सचे दुकान, वर धाकट्यांचा संसार, सूनबाई घरूनच ऑफिसचे काम करणारी. वरचा राउटर आल्यापासून दुकानातला प्रिंटर अधूनमधून बेपत्ता होई, आणि वर ऐन मीटिंगमध्ये नेट जाई. ‘मुद्दाम करतात’ असे दोन्हीकडे वाटू लागले. वेगळे कनेक्शन घेण्याची भाषा सुरू झाली. दोष कोणाचाच नव्हता. दोन्ही राउटर कारखान्यातून एकच पत्ता घेऊन आले होते, १९२.१६८.१.१.

हा पत्ता म्हणजे काय, ते आपल्या गावाच्या भाषेत पाहू. पहिले तीन आकडे म्हणजे गल्ली, कन्नडमध्ये ओणी म्हणा हवे तर. शेवटचा आकडा घरनंबर. गल्ली कुठे संपते आणि घरनंबर कुठे सुरू होतो, हे सांगणारा आणखी एक आकडा असतो, २५५.२५५.२५५.०. त्याला सबनेट मास्क म्हणतात. अशा गल्लीत २५६ नंबर असतात. पहिला गल्लीच्या नावासाठी आणि शेवटचा सर्वांना एकदम हाक मारण्यासाठी राखीव, म्हणून वापरायला २५४ उरतात. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९६ सालच्या नियमानुसार खासगी वापरासाठीच ठेवले आहेत, त्यामुळे तुमच्या घरी आणि शेजाऱ्यांच्या घरी तेच नंबर असले तरी बिघडत नाही. एकाच घरात दोनदा आले, की बिघडते.

राउटर म्हणजे दोन गल्ल्यांच्या तोंडाशी उभा असलेला पोस्टमन. त्याच्या दोन्ही हातांना मारुती गल्लीच असेल, तर पत्र पलीकडे न्यायचे आहे हे त्याला कळणार कसे? ‘हा तर आपल्याच गल्लीतला पत्ता’ म्हणून तो तिथेच शोधत बसतो. दुसऱ्या राउटरच्या वॅन लिहिलेल्या भोकात केबल घातली, की हे होते. काही नवे राउटर हे ओळखून आपला नंबर स्वतःच बदलतात, सगळे नाही. केबल लॅनच्या भोकात घातली तर प्रकार आणखी अवघड. दोघेही ‘मीच १.१’ म्हणतात आणि दोघेही येणाऱ्या प्रत्येक फोनला घरनंबर वाटत सुटतात. दुकानाच्या प्रिंटरचा नंबर वरच्या कुणाच्या मोबाइलला मिळाला, की प्रिंटर बेपत्ता. त्या घरात नेमके हेच चालले होते.

उपाय दोन आहेत. सगळे एकाच गल्लीत नांदणार असतील, तर वरच्या राउटरला केबल लावण्याआधीच त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, त्याची डीएचसीपी म्हणजे नंबर वाटण्याची सोय बंद करा आणि मग केबल लॅनच्या भोकात घाला. खालचा राउटर १०० ते २०० नंबर वाटत असेल, तर २ आणि प्रिंटरसाठी २० हे नंबर त्याच्या बाहेर राहतात, टक्कर होत नाही. साध्या घराला मी हेच सुचवीन.

दुकान असेल तर मात्र गल्ल्या वेगळ्याच बऱ्या. वरच्या राउटरला १९२.१६८.२.१ द्या, डीएचसीपी चालू ठेवा, केबल वॅनमध्ये. वरच्यांना खालचा प्रिंटर वापरता येतो, फक्त तो आपोआप दिसत नाही, त्याचा पत्ता एकदा हाताने घालावा लागतो. खालून मात्र वरचे काही दिसत नाही. दुकानात कोण कोण वायफाय मागते हे पाहता ते चांगलेच. म्हणूनच दुकान बाहेरच्या राउटरवर आणि घर आतल्या राउटरवर असावे, उलट नको. त्या घरी असेच केले. वेगळ्या कनेक्शनचा विषय पुन्हा निघाला नाही.

शाळेच्या किंवा कारखान्याच्या दोन इमारती जोडताना दोन राउटरमधल्या केबलचीही एक छोटी गल्ली करतात. मास्क २५५.२५५.२५५.२५२, नंबर चार, वापरायचे दोनच: १०.०.०.१ आणि १०.०.०.२. एका इमारतीत १९२.१६८.१०, दुसरीत १९२.१६८.२०. मग पहिल्या राउटरला सांगायचे की २० ची गल्ली १०.०.०.२ कडून, आणि दुसऱ्याला की १० ची गल्ली १०.०.०.१ कडून. हा परतीचा रस्ता सांगायला बरेच जण विसरतात. पत्र जाते, उत्तर येत नाही, आणि बिचाऱ्या केबलवर संशय घेतला जातो.

घरून काम करणाऱ्यांसाठी एक जास्तीची गोष्ट. ऑफिसच्या आतल्या जाळ्यातही १९२.१६८.१ असेल, तर व्हीपीएन जोडूनही तिथल्या फायली उघडत नाहीत, कारण लॅपटॉप त्या घरातच शोधतो. नंबर बदलणारच असाल, तर १ किंवा २ पेक्षा १९२.१६८.४७ असा कुणी सहसा न घेणारा घ्या, आणि तो कागदावर लिहून राउटरच्या पाठीला चिकटवून ठेवा.