अभ्यासिका भरलेली, कपाटे बंद

सत्र संपत आले की महाविद्यालयांच्या परिसरातील झेरॉक्सच्या दुकानांपुढे विद्यार्थ्यांची गर्दी वाढू लागते. नाशिक रोडला हे दृश्य नवे नाही आणि राज्यातील अन्य शहरांतही ते वेगळे नसते. एकाने लिहिलेला स्वाध्याय दहा जणांच्या हाती जातो, मुखपृष्ठावरील नाव आणि हजेरी क्रमांक बदलतो, आणि फाइल विभागात जमा होते. अलीकडे त्यात मोबाइलवरील कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली असून नकलून काढण्याचे कष्टही वाचले आहेत. ज्या ग्रंथालयात बसून हे काम व्हावे अशी अपेक्षा असते, त्याची पायरी या प्रवासात कोठेही लागत नाही.

पूर्वी हा प्रश्न फारसा गंभीर मानला जात नसे, कारण पदवीचे भवितव्य वर्षअखेरच्या लेखी परीक्षेवर ठरत असे. सत्र आणि श्रेयांक पद्धतीत अंतर्गत मूल्यमापनाला स्वतंत्र गुण आले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ची अंमलबजावणी राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ या वर्षापासून सुरू झाल्यावर क्षेत्रप्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण यांचीही भर पडली. विद्यार्थ्याने स्वतः माहिती शोधावी, पारखावी आणि मांडावी, हे गृहीत धरूनच ही रचना उभी आहे. हा पायाच कच्चा राहिला, तर गुणपत्रिकेतील त्या गुणांना काय अर्थ उरतो?

नाशिक रोडचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. रेल्वे स्थानक, १९२५ मध्ये सुरू झालेली इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि १९२८ ची करन्सी नोट प्रेस यांच्याभोवती वाढलेली ही कामगार वस्ती. गोखले एज्युकेशन सोसायटीने १९६३ मध्ये येथे महाविद्यालय सुरू केले. 'बिटको कॉलेज' म्हणून ते सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याआधी उच्च शिक्षणासाठी नाशिक शहर गाठावे लागे. १८४० पासून वाचकांची सेवा करणारे सार्वजनिक वाचनालयही शहरातच, म्हणजे आठ-नऊ किलोमीटरवर. देवळाली, भगूर, पळसे, एकलहरे या बाजूंनी येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरी पाठ्यपुस्तकापलीकडचा ग्रंथ नसतो. अशा भागात महाविद्यालयीन ग्रंथालय हीच संदर्भग्रंथांपर्यंत पोचण्याची सर्वांत जवळची वाट असते. तिचा वापर झाला नाही, तर नुकसान सर्वाधिक होते ते याच विद्यार्थ्यांचे.

ग्रंथालये ओस पडली आहेत, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. राज्यातील अनेक महाविद्यालयांच्या अभ्यासिकांत सकाळपासून जागा मिळत नाही. तेथे बसणारी मुले बहुधा स्पर्धा परीक्षांची तयारी करीत असतात आणि पुस्तके स्वतःचीच घेऊन येतात. घरी जागा आणि शांतता नसलेल्या मुलांना टेबल, दिवा आणि पंखा मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. पण खुर्च्या भरल्या म्हणून ग्रंथ वापरात आले, असे होत नाही. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या, म्हणजे 'नॅक'च्या, २०१७ नंतरच्या आराखड्यात ग्रंथालयाच्या दैनंदिन वापराची टक्केवारी मागितली जाई आणि ती प्रवेशनोंदी व लॉगिन यांवरून काढली जाई. ग्रंथालयात किती जण आले हे त्यावरून समजते. कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी कोणता ग्रंथ उघडला गेला, हे समजत नाही.

प्रश्नच तसा असतो

विद्यार्थी आळशी झाले, असे म्हणून या विषयाची बोळवण करणे सोपे आहे. स्वाध्यायाचे प्रश्न पाहिले तर दोष इतरत्रही दिसतो. 'मागणीचा नियम सविस्तर स्पष्ट करा', 'पंचायत राज व्यवस्थेची वैशिष्ट्ये सांगा' अशा प्रश्नांची उत्तरे बाजारातील प्रत्येक गाइडमध्ये तयार असतात. ती पाहून लिहिणारा विद्यार्थी त्याच्या दृष्टीने व्यवहार्य वागत असतो. शंभराहून अधिक फाइली तपासायच्या असलेल्या, त्यातही तासिका तत्त्वावर नेमलेल्या अध्यापकाकडून प्रत्येक ओळ वाचली जाण्याची अपेक्षा धरता येत नाही. परिणामी फाइल देणारा आणि घेणारा दोघेही एक औपचारिकता पार पाडतात.

नियमांचाही येथे फारसा आधार नाही. वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये विनियम जारी केले. मजकुरातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही, त्यापुढे १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० टक्क्यांहून अधिक अशा पायऱ्यांनी कठोर होत जाणारी कारवाई, अशी त्यांची रचना आहे. परंतु हे विनियम प्रबंध, शोधनिबंध, ग्रंथ यांना लागू होतात. स्वाध्याय, प्रकल्प अहवाल आणि उत्तरपत्रिका त्यांच्या व्याख्येतूनच वगळल्या आहेत. म्हणजे पदवीच्या तीन-चार वर्षांत नकलेची सवय लागू द्यायची आणि पुढे संशोधनाला आल्यावर तीच सवय गुन्हा ठरवायची, असा हा विचित्र क्रम झाला.

साधने आहेत, वाट दाखवणारा हवा

संदर्भसाधनांचा तुटवडा ही सबब आता पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. गांधीनगरच्या 'इन्फ्लिबनेट' केंद्रामार्फत चालणाऱ्या 'एन-लिस्ट' योजनेतून पात्र महाविद्यालयांना हजारो नियतकालिके आणि ई-ग्रंथ मिळतात. विद्यार्थ्याला स्वतःचे लॉगिन घेता येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र, एक सदस्यत्व' योजनेला मान्यता देऊन २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद केली. ती मात्र केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आखलेली आहे. आपल्याकडे बहुसंख्य महाविद्यालये खासगी शिक्षणसंस्थांची असल्याने या योजनेची व्याप्ती वाढवण्याचा आग्रह राज्याने धरावयास हवा.

या साधनांतील बहुतांश मजकूर इंग्रजीत आहे, ही मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याची खरी अडचण. पण मराठीतही बरेच काही उपलब्ध आहे. वाईच्या मराठी विश्वकोशाचे खंड आणि राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे अनेक ग्रंथ महाजालावर विनामूल्य वाचता येतात. नाशिकविषयी लिहायचे तर मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८३ मधील सोळावा खंड आणि राज्य शासनाने १९७५ मध्ये काढलेली जिल्ह्याची सुधारित आवृत्ती आहे. दोन्ही इंग्रजीत असली तरी आकडे आणि कोष्टके समजण्यास अवघड नाहीत. हे सारे आहे, हे प्रथम वर्षाच्या मुलाला सांगणार कोण? बऱ्याच ठिकाणी आजही चिठ्ठी भरून देवघेव खिडकीतून पुस्तक मागावे लागते. ज्याला ग्रंथाचे नावच ठाऊक नाही, त्याने चिठ्ठीवर काय लिहावे? डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पंचसूत्रीत वाचकाच्या वेळेला मोल दिले, त्याला जवळपास शतक होत आले. कपाटे मात्र अनेक ठिकाणी कुलपातच आहेत.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे ग्रंथालयाची गरज संपली, असे मानणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ही साधने अस्तित्वात नसलेल्या ग्रंथांची आणि लेखांची नावेही तितक्याच आत्मविश्वासाने देतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी अशाच काल्पनिक निवाड्यांचे दाखले सादर केले आणि त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. दाखला खरा की खोटा, हे तपासण्याची जागा आणि ते कौशल्य शिकवणारा माणूस महाविद्यालयात एकच असतो, तो म्हणजे ग्रंथपाल.

प्रश्न बदलले तर

उपाय खर्चिक नाहीत. पहिला, प्रश्न स्थानिक आणि तुलनात्मक असावेत. २००३ च्या सिंहस्थात नाशिकला चेंगराचेंगरी होऊन ३० हून अधिक भाविक मृत्युमुखी पडले. २०१५ च्या सिंहस्थात गर्दीच्या नियोजनात काय बदलले, हा प्रश्न राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला दिला, तर वृत्तपत्रांचे जुने अंक आणि शासकीय अहवाल पाहण्यावाचून गत्यंतर नाही. दोन्ही गॅझेटियरांतील पीकपद्धतीची आजच्या द्राक्ष-कांद्याच्या शेतीशी तुलना अर्थशास्त्राला चालेल, तर मुद्रणालयांभोवती वसलेल्या नाशिक रोडचा इतिहास इतिहासाला. अशी उत्तरे कोणत्याही गाइडमध्ये नसतात.

दुसरा, स्वाध्यायाच्या अखेरीस किमान दोन ग्रंथांचे दाखलांक आणि पृष्ठक्रमांक देणे बंधनकारक करावे. ग्रंथ हाती घेतल्याशिवाय हे लिहिणे कठीण, आणि अध्यापकाला चार-दोन फाइली पडताळून पाहणे सोपे. तिसरा, सत्राच्या आरंभी ग्रंथपालाचा एक तास वेळापत्रकात असावा आणि विषयांची यादी त्याला आधी मिळावी, म्हणजे संबंधित ग्रंथ एका मांडणीवर काढून ठेवता येतील. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी संदर्भ विभाग सायंकाळीही उघडा असणे हेही तितकेच आवश्यक.

यातील अडचणी नाकारता येणार नाहीत. ग्रंथपालांची रिक्त पदे आणि अध्यापकांवरील कामाचा बोजा यांची जबाबदारी शासनाची आहे, आणि सुधारणेच्या नावाखाली ती महाविद्यालयांवर ढकलून चालणार नाही. मात्र प्रश्न कसा विचारावा, हा अधिकार अध्यापकाच्या हाती आजही आहे. त्यासाठी नव्या निधीची किंवा शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. पुढच्या सत्राची विषययादी करताना प्रत्येक प्रश्नापुढे तो सोडवण्यास कोणता ग्रंथ लागेल, एवढे लिहून पाहिले, तरी किती प्रश्न बदलावे लागतील ते विभागांना कळून येईल.