पुस्तकात नाही, म्हणून चूक?

बऱ्याच दिवसांनी ब्लॉगवरची धूळ झटकतोय, आणि तीही रागाने. नातेवाईक मंडळींनो, मधे थोडं गणित आहे, पण पळू नका.

माझी भाची वर्धा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात गणितात एम.एस्सी. करतेय. परवा सेमिनारमध्ये ती म्हणाली, "बानाख-स्टाइनहाउस सिद्धांतासाठी स्पेस बेअर असायलाच हवी असं नाही, बॅरल्ड असली तरी पुरतं." सर म्हणाले, "पुस्तकात बेअर वापरलंय. बसा खाली." घरी आली ती तोंड पाडूनच. "मामा, काऊन बसवलं मले खाली? चुकलं का माहं?"

नाही चुकलं, पोरी. आणि हे मी मामा म्हणून सांगत नाहीये.

फ्रान्सच्या रने बेअरने १८९९ साली एक गोष्ट दाखवली. कागदावर एक, दोन, तीन असं मोजत कितीही रेषा मारा, अगदी न संपणाऱ्या, तरी कागद भरत नाही. तसंच, अंतर मोजता येणारी आणि भोकं नसलेली कुठलीही स्पेस, मोजता येतील इतक्या 'विरळ' संचांनी भरून निघत नाही. १९२७ साली बानाख आणि स्टाइनहाउस यांनी हेच हत्यार वापरून सिद्ध केलं की, प्रत्येक बिंदूपाशी आवरात राहणारी कंटिन्युअस लिनिअर मॅप्सची टोळी सगळी मिळून एकाच मापात आवरते.

पण या सिद्धतेत खरं काम कोण करतं? ज्या बिंदूंवर टोळीतल्या प्रत्येकाचं माप १ च्या आत राहतं, ते सगळे गोळा करा. हा संच बंद, कॉन्व्हेक्स आणि शून्याभोवती समतोल असतो, आणि फुगवत नेला की कुठलाही बिंदू गिळतो. त्याला म्हणतात बॅरल, म्हणजे पिंप! प्रत्येक पिंपात शून्याभोवती थोडी मोकळी जागा असली की काम झालं. अशा लोकली कॉन्व्हेक्स स्पेसला बॅरल्ड म्हणायचं, हे बूर्बाकी मंडळींनी १९५० मध्ये मांडलं. बेअर स्पेस बॅरल्ड असतेच, कारण पिंप दुप्पट, तिप्पट करत नेलं की सगळी स्पेस भरते, म्हणजे कुठेतरी ते 'विरळ' नसणारच.

उलट मात्र खरं नाही. अशी खातेवही घ्या जिच्यात आकडे मोजक्याच पानांवर आहेत, पुढे सगळं कोरं. अशा सगळ्या खातेवह्यांच्या स्पेसवर सर्वांत बारीक लोकली कॉन्व्हेक्स टोपोलॉजी लावा. तिथे पिंपाला शून्याभोवती जागा असतेच, टोपोलॉजीच तशी आहे. म्हणजे स्पेस बॅरल्ड, सिद्धांत लागू. पण पहिल्या पानापुरत्या वह्या, पहिल्या दोन पानांपुरत्या, तीन पानांपुरत्या... असे संच घेतले की सगळी स्पेस भरली! प्रत्येक संच विरळ, कारण पुढच्या कोऱ्या पानावर किंचित काही लिहिलं की वही संचाबाहेर. म्हणजे ही स्पेस बेअर नाही. गंमत म्हणजे ती कम्प्लीट आहे, फक्त अंतराने मोजता येत नाही. बॅरल्ड आणि बेअर यांच्या मधली 'बेअर-लाइक' नावाची पायरी स्टीफन सॅक्सनने १९७२ मध्ये मांडली. म्हणजे पोरगी जिथे बोट ठेवत होती तिथे आख्खं एक दालन आहे.

तर माझं भांडण एका सरांशी नाही. भांडण आहे ते सिद्धतेतली सोय आणि सिद्धांताची गरज एकच समजणाऱ्या गाइड-संस्कृतीशी. अट पाठ करायची, ती काढली तर काय कोसळतं हे विचारायचं नाही!

आणि हे कुठे चाललंय? तर १९३७ साली जिथे नई तालीमची परिषद भरली, त्या वर्ध्यात. हाताने करून शिका, हे सांगणारं हे गाव. सिद्धतेतली एकेक अट काढून बघणं म्हणजे गणितातली सूतकताईच की. "याचा उपयोग काय?" असं विचारणाऱ्या काकांनी जरा पवनारपर्यंत जाऊन यावं. तिथे राहिलेल्या विनोबांचं गणितप्रेम सर्वांना ठाऊक आहे. त्यांना कुणी असं विचारलं असतं का?

परीक्षेत एकच प्रश्न घाला: यातली कुठली अट काढता येईल? गाइडवाले आपोआप गप्प होतील.

असो. भाचीला म्हटलं, पुढच्या सेमिनारला वही घेऊन जा. मागची पानं कोरी ठेव.